हलवू नका, दही लागतंय

मंडळी, बसलात का सगळे नीट? मागचे, जरा पुढं सरका. पुढचे — तुम्ही आहात तिथंच राहा, तुम्ही हलायचं नाही. आज हलण्याचाच विषय आहे, आणि विषय नाजूक आहे.

एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या. शेजाऱ्याला सांगू नका, तो तेच उत्तर स्वतःचं म्हणून मोठ्यानं सांगेल. प्रश्न असा — ज्याच्यावर आपला जीव आहे, ते माणसानं हलवून बघावं, की न हलवता ठेवावं?

सोपं वाटतंय ना? मग ऐका! पाळणा हलवला की लेकरू झोपतं. बरोबर? आणि झोपलेलं लेकरू हलवलं की? उठतं! हात तोच, लेकरू तेच, शब्दसुद्धा तोच! बायको म्हणते, "हलवा की जरा!" आणि तीच बायको घटकाभरानं म्हणते, "खबरदार हलवलंत तर!" आता त्या बापानं काय करावं? तो बिचारा सप्ताहाला येऊन बसतो. बसलाय. मी नाव घेत नाही.

खीर हलवली नाही तर करपते. दही हलवलं तर मोडतं. पेशंट अत्यवस्थ झाला की त्याला तालुक्याहून जिल्ह्याला हलवतात, जिल्ह्याहून पुण्याला हलवतात — तो स्वतः करंगळीसुद्धा हलवत नाही, आणि गाव म्हणतं, "हलवलं हो त्याला!" पुढारी तिकडं बसून सूत्रं हलवतो, आपण इकडं बसून मान हलवतो. पाहुणा हात हलवत येतो, कुत्रं शेपूट हलवत येतं — आणि दोघंही जेवूनच जातात!

म्हणजे बघा. एक हलवणं जागा बदलण्याचं. एक हलवणं एकात एक मिसळण्याचं. आणि एक हलवणं नुसतं बघण्याचं — आहे का गेलं? पक्कं आहे का पोकळ? पहिली दोन हलवणी हातानं होतात. हे तिसरं, मंडळी, संशयानं होतं.

शहाणी माणसं सांगून गेली, हलवून खुंटा बळकट करावा. मान्य! पण मला असा एक माणूस दाखवा, ज्यानं खुंटा रोज हलवला, सकाळ-संध्याकाळ हलवला, येता-जाता हलवला, आणि शेवटी खुंटा हातात आला नाही!

मृदंगबुवा, हसू नका. तुम्ही मघापासून चारदा मृदंगाची वादी ओढून बघितलीत. मी बघतोय.

तर असा एक माणूस होता. तरडवाडीचा हैबती.

हैबती म्हणजे काही वाईट माणूस नव्हे हो! खाऊन-पिऊन सुखी, चार म्हशी, एक बायको हौसाबाई, एक लेक यमुना. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त एक खोड. दिसेल ती वस्तू हलवून बघायचा. ओट्यावर बसायचं — आधी ओटा हलवून बघायचा. ओटा दगडी! नारळ हलवून घेतात, सगळेच घेतात, हा कलिंगड हलवायचा, कांदा हलवायचा, अंडं हलवायचा — आणि मग म्हणायचा, "आतनं आवाज येतोय. फसवलं!" गावात पहिल्यांदा एसटी आली, लोकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हैबती मागं गेला, एसटीला दोन्ही हात लावले आणि हलवून बघितली. कंडक्टर म्हणाला, "काय करता काका?" हा म्हणाला, "काही नाही. सोडा तुम्ही आता."

देवळात गेला की सगळे घंटा हलवतात. हा खांब हलवायचा. एकदा गुरव आत पूजा करत होता, बघतो तर हैबतीचा हात मूर्तीच्या खांद्यावर!

"अरे हैबती! काय चाललंय?"

"पक्का हाय का बघतोय."

"देव?"

"अवं, इतकी माणसं भरवशावर येत्यात. कुणीतरी बघायला नको?"

आता हसताय. पण बघा, हैबतीच्या मनात काय होतं? त्याला खरंच वाटायचं की सगळं जग आतून सैल आहे, आणि ते फक्त त्याच्या एकट्याच्या लक्षात आलंय. बाकीचे भोळे! कुणी गोड बोललं, की हैबती त्याच्या बोलण्याला हलवायचा. "हा असं का म्हणाला?" कुणी काहीच बोललं नाही, की त्याच्या गप्प बसण्याला हलवायचा. "हा काहीच का म्हणाला नाही?" असा माणूस झोपतो कधी? झोपत नाही! कूस बदलतो.

तर यमुना लग्नाची झाली. आणि उंबरड्याच्या ठकूआजीच्या नातवाचं, भानुदासचं, स्थळ आलं. पोरगा चांगला, शेतीतला, कमी बोलणारा. त्याला आईबाप नव्हते. लहानपणापासून आजीनंच वाढवलेला. यमुनेनं त्याला बघितलं, त्यानं यमुनेला बघितलं, दोघंही जमिनीकडं बघायला लागले. म्हणजे झालं! जमलं!

हैबतीनं लेकीला विचारलं, "यमे, तुला पसंत हाय?"

"हाय, अण्णा." काय तो आवाज! खणखणीत!

दुसऱ्या दिवशी परत. "यमे, नक्की ना?"

"नक्की, अण्णा."

तिसऱ्या दिवशी जेवताना. "म्हंजे, पूर्ण विचार करून सांगत्येस ना?"

"होय."

चौथ्या दिवशी धार काढताना. "न्हाई, पुढं मागं असं नको वाटायला की —"

यमुनेनं चरवी खाली ठेवली. "आता तुम्ही इतकं विचारताय म्हणल्यावर... मला काय ठाऊक अण्णा!"

"बघ!" हैबती बायकोला म्हणाला. "मला वाटलंच हुतं! पोरगी डळमळत्येय!"

हौसाबाई म्हणाली, "अवं, पोरगी डळमळत न्हाई. तुम्ही तिला हलवताय."

मंडळी, खुंटा कसा बळकट होतो, बघितलंत?

आता या दोन गावांत एक चाल होती. जोडदह्याची चाल. सोयरीक ठरायची, तर मुलीच्या घरचं अर्धं दूध, मुलाच्या घरचं अर्धं दूध, मुलीच्या गावच्या देवळात एका मडक्यात एकत्र ओतायचं. गुरवानं त्यात विरजण घालायचं, वर फडकं बांधायचं. सकाळी पूजा झाली की ठेवायचं, दिवेलागणीला उघडायचं. दही लागलं, तर साखर घालून दोन्ही घरांनी खायचं — सोयरीक पक्की! नाही लागलं, तर ज्यानं त्यानं आपल्या घरी जायचं. बाकीच्या जगात आनंदावर विरजण पडलं की माणसं रडतात. इथं विरजण पडलं की टोपी उडवायची!

चाल वेडी वाटते? मला नाही वाटत. दही लागायला काय लागतं? थोडी ऊब. थोडा वेळ. आणि कुणी हलवू नये. संसाराला याहून वेगळं काय लागतं, ते मला लग्न झालेल्यांनी सांगावं. माझं झालेलं नाही. मी ऐकीव सांगतोय.

नियम एकच — मडक्याला हात नाही. आणि मडक्यापाशी दोन्ही घरचं एकेक माणूस राखणीला.

चैत्रातला दिवस ठरला. उंबरड्याहून ठकूआजी आली, सोबत भानुदास, चार पाहुणे, आणि दुधाची घागर. हैबतीनं घागरीत वाकून बघितलं. दूध पांढरं होतं. फार पांढरं होतं! "दूध इतकं पांढरं कशापायी आसंल?" असं त्यानं हौसाबाईला विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना, मंडळी, उत्तर देणं हेच पाप असतं.

दूध एक झालं, विरजण पडलं, फडकं बांधलं. सभामंडपाच्या कोपऱ्यात चुंबळीवर मडकं बसलं. बाकीचे पाहुणे हैबतीच्या घरी जेवायला गेले. मडक्याच्या अल्याड हैबती. पल्याड ठकूआजी. म्हातारी खांबाला टेकली, पाय पसरले, तोंडात तंबाखूची चिमूट धरली आणि म्हणाली, "पाव्हणं, ऊन काय पडलंय!"

हैबतीच्या मनात आलं — ही उन्हाचा विषय का काढत्येय?

"पडलंय खरं," हा सावधपणानं म्हणाला.

"दही लौकर लागंल."

"लागंल ना?"

"न लागायला काय झालं?"

बघा! "न लागायला काय झालं" म्हणाली! साधं "लागंल" का नाही म्हणाली? म्हणजे न लागण्याचा विचार तिच्या डोक्यात आहे! का आहे? पाणी! दुधात पाणी! हैबतीला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. दही लागणार नाही. उंबरडेकर म्हणणार, दूध तुमचंच पातळ. चार म्हशींचं नाव मातीत! नाहीतर लागणार, सोयरीक होणार, आणि लेक जन्मभर पाणी घालणाऱ्यांच्या घरात! दोन्हीकडून मरण!

थोड्या वेळानं म्हातारी घोरायला लागली. हैबतीनं कान दिला. घोरणं फार तालात होतं. खऱ्या झोपेला ताल असतो का? मृदंगबुवा, तुम्ही सांगा. तुम्ही काल भजनात दोन्ही एकदम करत होता.

"आजी?" हैबती हळूच म्हणाला.

घुर्रर्र.

"आजी, तंबाखू सांडली."

घुर्रर्र. तंबाखू सांडली तरी म्हातारी उठत नाही, म्हणजे झोप खरी!

आता हैबतीला मडक्यावर उन्हाची तिरीप आलेली दिसली. इवलीशी! ज्वारीच्या दाण्याएवढी! पण ऊन ते ऊन. हे काही हलवणं नव्हे, ही काळजी — असं म्हणून त्यानं मडकं चुंबळीसकट वीतभर सरकवलं. झालं जागेचं हलवणं!

सरकवताना आतून आवाज आला. डुबुक. दह्याचा आवाज डुबुक असतो का? हैबतीनं कान लावला. परत ऐकावा म्हणून मडकं जरा तिरकं केलं. डुबुक! दुसऱ्या अंगाला तिरकं केलं. डुबुक-डुबुक! अरे, हे तर तळं आहे! झालं संशयाचं हलवणं!

मग त्यानं फडक्याची गाठ सैल केली. नुसतं बघायचं म्हणून. बघून कळेना. वर सायीसारखं काहीतरी, खाली काय? साय लबाड असते, मंडळी, ती नेहमी वरच असते! म्हणून बोट घातलं. बोटानं कळेना, म्हणून बोट फिरवलं. तळापर्यंत फिरवलं. आणि मग ते बोट, खरं-खोटं करायला, तोंडात घातलं. झालं! एकात एक मिसळण्याचं हलवणंसुद्धा झालं! तिन्ही हलवणी एका बैठकीत! एवढं तर हलवाईसुद्धा हलवत नाही!

चव गोड होती. किंचित आंबट होती. दूध चांगलं होतं! हैबतीच्या जिवात जीव आला. फडकं बांधलं, हात पुसला, मागं सरकून बसला. लई दिवसांनी त्याच्या मनाला शांती मिळाली. ती, मंडळी, साधारण पाणी पिऊन होईस्तोवर टिकली. कारण लगेच मनात आलं — वरचं चांगलं होतं. मधलं?

मधलं किती वेळा बघितलं, ते मी सांगत नाही. देवळातली गोष्ट आहे.

दिवेलागण झाली. माणसं जमली. हौसाबाई आली, यमुना नवं लुगडं नेसून खांबाआड उभी राहिली. भानुदास दुसऱ्या खांबाआड. गुरवानं देवापुढं दिवा लावला, फडकं सोडलं, पळी घातली. पळी वर आली, आणि पळीतून जे खाली पडलं त्याला दही म्हणता येईना, दूध म्हणता येईना. गुठळ्या आणि पाणी! पाणी आणि गुठळ्या!

सगळ्यांनी मडक्यात वाकून बघितलं. यमुना खांबाआडून बाहेर आली.

आणि हैबती उठला! काय त्याचा आवेश! "बघा! बघा पंचांनो! मी सकाळधरनं सांगतोय! दूध इतकं पांढरं कशापायी? पाणी हाय ह्यांच्या दुधात! ज्यांच्या दुधात पाणी, त्यांच्या बोलण्यात पाणी! आमच्या पोरीला फसवाय निघालेत ह्ये लोक!"

बोलतोय, बोलतोय. सगळे त्याच्या तोंडाकडं बघतायत. हैबतीला वाटलं, पटतंय लोकांना! आणखी चढला! "हाय का कुणाची हिंमत म्हणायची, की मी खोटं बोलतोय?"

ठकूआजी पदर सावरत उठली. जवळ आली. आणि अगदी मायेनं म्हणाली, "पाव्हणं, मिशी पुसा."

हैबतीनं मिशीला हात लावला. मिशी पांढरी! एका बाजूनं लोणी लावल्यासारखी!

मंडळी, गाव हसलं. असं हसलं की देवळातली वटवाघळं उडाली. हौसाबाईनं पदर तोंडावर घेतला. गुरव देवाकडं तोंड करून हसला, म्हणजे देवाला वाटावं दुसरंच काही. फक्त दोघं हसली नाहीत. यमुना आणि ठकूआजी.

"आजी, तुम्ही तर झोपला हुता!" हैबती म्हणाला. बघा, अजूनही तपास चालूच!

"तुम्ही मडकं राखत हुता, पाव्हणं. मी तुम्हाला राखत हुते. मडक्याची मला काळजी न्हवती."

मग तिनं गुरवाकडं वळून विचारलं, "बाबा, चाल काय म्हणती? दही न बसलं तर सोयरीक मोडली. पण बसूच दिलं न्हाई तर?"

गुरव विचारात पडला. शंभर वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण शंभर वर्षांत हैबती एकच झाला होता. "बसूच दिलं न्हाई, तर बसलं न्हाई असं कसं म्हणायचं?" तो म्हणाला. "उद्या परत लावता येईल. पण तुम्हाला लावायचं असंल तर."

"त्येच माझं कोडं हाय," ठकूआजी म्हणाली, आणि आता तिचा आवाज बदलला. "पोरगी सोन्यासारखी हाय. मला हवीय. पण हा बाप! उद्या ती नांदायला आली की हा आठवड्याला एकदा येणार. 'यमे, सुखात हायेस ना? नक्की ना? खरं सांग.' पहिल्यांदा ती हो म्हणंल. धाव्यांदा रडंल. आणि इसाव्यांदा गाठोडं घेऊन माहेरी येईल. माझ्या नातवानं काही न करता! जिथं दह्याला बसू देत न्हाईत, तिथं आमचं घर कसं बसंल?"

आता कुणी हसलं नाही. यमुनेनं बापाकडं बघितलं. बाप जमिनीकडं बघत होता.

"म्हणून माझी अट," म्हातारी म्हणाली. "उद्या मडकं परत लावायचं. राखणीला ह्यो एकटा. आमचं कुणी न्हाई. गुरव न्हाई. हलवलं तर त्याचं त्याला ठाऊक. आम्ही दिवेलागणीला येऊ."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या ह्या! हैबतीला राहवलं नाही, त्यानं विचारलं, "पर आजी... तुम्ही माझ्यावर एवढा इस्वास कशापायी ठेवताय?" आवाजात संशय होता. हाडात भिनलेला, दुसरं काय!

"दुसरं काय ठेवू?" म्हातारी म्हणाली. "राखण ठेवून बघितली. मिशी पांढरी झाली."

दुसरा दिवस. मडकं बसलं, फडकं बांधलं, माणसं निघाली. यमुना मागं राहिली. हैबतीला वाटलं, आता रडणार. ती रडली नाही. म्हणाली, "अण्णा, आता मला काही विचारू नका. आणि त्या मडक्यालाबी काही विचारू नका."

एवढंच. आणि गेली.

देऊळ रिकामं. हैबती आणि मडकं. आता हैबतीला ना दुधाचा संशय, ना म्हातारीचा. आता संशय एकाचाच — स्वतःच्या उजव्या हाताचा! हात मांडीवर पडलेला. साळसूद! पण हैबती त्याला ओळखून होता. हा हात असा गप्प बसला की समजावं, काहीतरी करणार. म्हणून त्यानं उपरणं घेतलं, खांबापाशी गेला, खांब हलवून बघितला — सवय हो! — आणि उजवा हात खांबाला बांधून टाकला. गाठ दातानं आवळली. आणि डाव्या हाताचं काय? डाव्या हातावर तो बसला.

असा माणूस बसलेला असताना, मंडळी, देवळात एक शेळी आली.

शेळी आली ती सरळ मडक्याकडं. हैबती म्हणाला, "हाड!" शेळीनं बघितलं. एक हात खांबाला, एक हात बुडाखाली — असला माणूस शेळीनं आजवर बघितला नव्हता. तिला हैबतीचा संशय आला! ती मडकं सोडून हैबतीकडं आली. त्याचा कान हुंगला. मिशी हुंगली — तिथं कालचं काही शिल्लक असावं. आणि मग शांतपणानं खांबापाशी उभी राहून उपरणं खायला लागली.

"अगं ए! अगं सोड! बाई, हात जोडतो!" कसे जोडणार? एक बांधलेला, एक दाबलेला! शेळीनं उपरणं खाल्लं, गाठीपर्यंत खाल्लं, गाठ खाल्ली, आणि तृप्त होऊन निघून गेली.

हात सुटला.

हसणं झालं असेल तर इकडं बघा, कारण गोष्ट इथं आहे. देऊळ रिकामं. हात मोकळा. मडकं हातभर अंतरावर. कुणी बघत नाही, कुणाला कळणार नाही, आणि आज तर मिशी पुसायची अक्कलही आहे! हात निघाला. हैबतीनं नाही काढला, हात आपणहून निघाला. फडक्यापर्यंत गेला. फडक्याला लागला. फडकं कोमट होतं. झोपलेल्या लेकराच्या कपाळासारखं.

आणि हैबतीच्या मनात आलं — दही लागलं असंल, तर बघून जास्त लागणार न्हाई. लागलं नसंल, तर बघून लागणार न्हाई. मग मी बघतोय ते कुणासाठी?

आयुष्यात पहिल्यांदा, मंडळी, हैबतीनं हैबतीला हलवून बघितलं! आणि आतून आवाज आला. पोकळ नाही, भरलेला. भीतीनं भरलेला! दूध पातळ निघेल ही भीती नव्हती ती. दही घट्ट लागेल, ही होती! घट्ट लागलं तर यमुना जाणार. धारेच्या वेळी चरवी धरायला कोण? "अण्णा" म्हणून हाक कोण मारणार? इतके दिवस तो उंबरड्याच्या दुधात पाणी शोधत होता. पाणी त्याच्या डोळ्यांत होतं.

त्यानं हात मागं घेतला. मांडीवर ठेवला. न बांधता.

दिवेलागणीला सगळी आली. बघतात तर उपरण्याचं चावलेलं टोक खांबाला लोंबतंय, आणि हैबती मडक्यासमोर मोकळ्या हातानं बसलाय. मिशी स्वच्छ! पण स्वच्छ मिशीवर गावाचा विश्वास नव्हता. कुजबुज सुरू झाली. "हात सुटलाय की!" "पुसली आसंल!" हौसाबाई देवाला नवस बोलायला लागली.

ठकूआजी समोर बसली. "पाव्हणं, लागलं का दही?"

"लागलंय."

"बघितलं?"

"न्हाई."

"मग कशावरनं म्हणताय?"

हैबती म्हणाला, "आजी, तुमचं दूध चांगलं. आमचं दूध चांगलं. न लागायला काय झालं?"

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं मडक्याकडं हात नेला, फडक्यावरून एकदा हात फिरवला आणि तोच हात उचलून यमुनेच्या डोक्यावर ठेवला. "पोरगी आमची," ती म्हणाली. "गुरवा, साखर घाल. आणि पहिला घास ह्या माणसाला दे."

वाजवा मृदंगबुवा! आता वादी बघू नका, वाजवा!

लग्न झालं. यमुना उंबरड्याला गेली. वाटेला लावायला हैबती वेशीपर्यंत गेला. सांगायचं पुष्कळ होतं, विचारायचं त्याहून पुष्कळ. गाडी हलली. तो एवढंच म्हणाला, "ये गं सणाला." आणि पुढं कधी उंबरड्याला गेला, तर जेवला, जावयाशी पावसा-पाण्याचं बोलला, आणि परत आला. ओटा मात्र शेवटपर्यंत हलवून बघत राहिला. दगडाला फरक पडत नाही.

काय म्हणता, माउली? तुम्ही, निळ्या टोपीवाले? "महाराज, गुरवानं फडकं सोडलं तेव्हा दही लागलं होतं का?"

बघा! बघा मंडळी! लग्न लागलं, पोरगी नांदली, म्हातारी सुखावली — आणि ह्यांचा हात अजून फडक्यावर! आणि एकट्या निळ्या टोपीला हसू नका. मी म्हणालो "गुरवा, साखर घाल", तेव्हा इथं बसलेल्या प्रत्येकाची मान लांब झाली होती. मला वरून दिसतं!

आता घरी जाल. पोराला शिकायला शहरात ठेवलंय, त्याला फोन लावाल — "अभ्यास करतोयस ना? नक्की ना? मागं कसला आवाज येतोय?" डुबुक! सुनेनं चहा दिला, की "आज फारच गोड बोलली", म्हणून कप तिरका करून बघाल. डुबुक! देवाला नवस बोलाल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्याला हात लावाल — ऐकलंस ना रे? खीर आहे का, हलवा! मन लावून हलवा, करपू देऊ नका. रडणाऱ्याचा पाळणा आहे, हलवा. कुणी संकटात पडून राहिलंय, त्याला चांगल्या ठिकाणी हलवा, पुण्य लागेल. पण जिथं ऊब दिलीत, विरजण घातलंत, फडकं बांधलंत — तिथं तुमचं काम संपलं. पुढचं काम करणारा वेगळा आहे, आणि त्याला कुणी बोट घातलेलं आवडत नाही.

दही लागलं होतं का, ते मी सांगणार नाही. फडकं बांधलेलं मडकं तुमच्यासमोर ठेवतो आणि बाजूला होतो. हात ज्याचे त्यानं आवरायचे.

आणि ते आवरलेले हात आता वर करा! जो अंधारात, कुणी न बघता, दुधाचं दही करतो, त्या सावळ्याच्या नावानं एकदा मोठ्यानं होऊ द्या गजर — आणि शेजारचा खरंच म्हणतोय का, हे बघू नका!